आईवडिलांच्या मागेही आठवण राहावी म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात पुण्यस्मरणाच्या चौकटी छापून येतात. त्यात मधूनच एखादा चेहरा विशी-पंचविशीतला दिसतो आणि नजर तिथेच अडते. नावाआधी 'कै.' आणि त्याला लागूनच 'कु.'. खाली शोकाकुल म्हणून आई, बाबा, आजी, काका, मामा. वयस्क माणसाच्या चौकटीखाली मुलं-सुना-नातवंडं असतात. इथे सगळी नावं गेलेल्यापेक्षा मोठ्यांची. तरुण मूल गेलं की आठवण जपायचं काम असं उलटं होऊन बसतं. ज्यांनी ते अजून पन्नास वर्षं करायचं, ते आजच साठीला टेकलेले असतात. म्हणून अशा स्मरणाची व्यवस्था वेगळी लावावी लागते. शाळेचं कार्यालय, ग्रंथालय आणि संस्थेच्या हिशेबाच्या वह्या या तीन ठिकाणी आम्हा सह्या करणाऱ्यांचा स्मृतिनिधींशी वर्षानुवर्षं संबंध आलेला आहे. कुठली व्यवस्था टिकते आणि कुठली पाच-सात वर्षांत विरते हे त्यातून कळतं. ज्या घरांना ते आज हवं आहे त्यांच्यापर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे लांबलेलं पत्र.

पहिल्या तेरा दिवसांत घरात कुणाला काही सुचत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत काही गोष्टी कायमच्या हातून जातात. हे काम आईवडिलांवर टाकूच नये. एखाद्या मामेभावाने, आतेबहिणीने, जिवलग मित्राने ते अंगावर घ्यावं आणि रोज थोडं थोडं करावं.

सगळ्यांत आधी आवाज. फोटो शेकड्यांनी असतात, आवाज थोडा असतो आणि तोच सर्वांत लवकर जातो. लोक तो मुलाच्या फोनमध्ये शोधतात. खरं तर तो इतरांच्या फोनमध्ये जास्त असतो. 'मावशी, पोचलो गं, स्टँडवर उभा आहे' असा नऊ सेकंदांचा व्हॉइस मेसेज मावशीच्या फोनमध्ये पडलेला असतो आणि मेमरी भरली म्हणून एका दुपारी तिने 'क्लीअर चॅट' केलं की तो गेला. म्हणून पहिल्या महिन्यातच सगळ्या नातेवाइकांना आणि मित्रांना एकच निरोप द्यावा: फोन बदलू नका, साफ करू नका, आधी तिचे किंवा त्याचे व्हॉइस मेसेज काढून द्या. अँड्रॉइड फोनमध्ये या फाइली व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात 'व्हॉइस नोट्स' नावाखाली आठवड्यागणिक साठलेल्या असतात, पण फाइलच्या नावावरून आवाज कुणाचा हे कळत नाही. त्यामुळे चॅटमध्ये जाऊन एकेक मेसेज निवडून ईमेलने पाठवणं जास्त सोपं पडतं. गॅदरिंगचं शूटिंग, मित्राच्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, गणपतीच्या आरतीत मागून येणारा त्याचा आवाज हेही मागून घ्यावं. फोटोग्राफर हार्डडिस्क भरली की जुनं काम पुसतात, तेव्हा त्यांच्याकडे वर्षभराने जाऊन उपयोग नाही.

मिळालेल्या फाइलींना लगेच नाव द्यावं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग: '२०२३-०९-१९ गणपती, मावशीला'. असं नाव दिलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. हे पुढे करू म्हटलं की दोनशे फाइलींचा ढीग होतो आणि कुठला आवाज कधीचा ते सांगणारं माणूस उरत नाही. सगळ्याच्या तीन प्रती ठेवाव्यात: एक घरच्या हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला की त्यातली माहिती खराब होऊ शकते. वर्षातून एक दिवस ठरवून तिन्ही प्रती उघडून पाहाव्यात. तो दिवस वाढदिवसाचा असावा, असं आम्हाला वाटतं. त्या दिवशी घरात तो आवाज वाजलेला बरा.

मुलाच्या स्वतःच्या फोनबाबत थोडं. फोन हाती आला की आधी चार्जिंगला लावा. बंद पडून पुन्हा सुरू झालेला फोन पहिल्यांदा पिनच मागतो. पिन ठाऊक नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका. काही चुकांनंतर फोन दर वेळी जास्त वेळ अडून राहतो, आणि आयफोनमध्ये तशी सोय चालू केलेली असेल तर दहा चुकांनंतर आतलं सगळं पुसलं जातं. 'अनलॉक करून देतो' म्हणणारा दुकानदार बहुधा फॅक्टरी रीसेट करतो. फोन उघडतो, आत काही नसतं. सिमकार्ड रिचार्ज करून चालू ठेवा. सलग ९० दिवस नंबर वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देते. मग एक दिवस त्या नंबरावर अनोळखी माणसाचा फोटो दिसतो आणि आईच्या काळजात चर्र होतं. मृत्यूचा दाखला आणि वारसाची ओळखपत्रं देऊन नंबर घरच्या माणसाच्या नावावर करून घेता येतो. व्हॉट्सॲपचं खातं सुमारे १२० दिवस बंद राहिलं की पुसलं जातं, गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर तेही जाऊ शकतं, आणि त्याबरोबर त्यात ठेवलेले फोटो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामला कळवल्यास ते खात्याचं स्मृतिखातं करतात. मात्र एकदा तसं झालं की पासवर्ड माहीत असला तरी कुणालाच आत जाता येत नाही. तेव्हा फोटो आणि व्हिडिओ आधी उतरवून घ्या, मगच कळवा. बँकेच्या ॲपला आणि यूपीआयला मात्र हात लावू नका. मृत व्यक्तीच्या खात्यातले पैसे वारसाच्या किंवा नॉमिनीच्या दाव्यानेच काढायचे असतात. घाईत वळते केलेले दोन हजार रुपये पुढे कटकटीचे ठरतात.

फोन उघडला म्हणून सगळं वाचायचं का? आमचं स्पष्ट मत आहे की नाही. बावीस वर्षांच्या मुलीचं तिच्या मैत्रिणीशी झालेलं बोलणं तिचं होतं आणि अजूनही तिचंच आहे. मृत्यूच्या कारणाचा शोध घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा फोन जसा आहे तसा पोलिसांकडे जावा. एरवी फोटो, आवाज, व्हिडिओ घ्यावेत आणि चॅट तसंच ठेवावं. वाचून कुणालाच शांतता मिळत नाही, आणि लहान भावंडांवर त्याचा वेगळाच भार येतो.

आता कागद. घरोघरी होणारी एक चूक आम्ही इतक्या वेळा पाहिली आहे की ती ठळक सांगायला हवी: मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, चित्र, वहीचं पान लॅमिनेट करू नका. गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुन्हा सोडवता येत नाही. जेल पेनाची शाई कधी त्या उष्णतेने पसरते, प्लास्टिक पुढे पिवळं पडतं आणि कडेने ओल शिरली की आतल्या आत डाग वाढत जातात. त्याऐवजी पानाचा ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन काढावा. मूळ कागदाचे स्टेपल, टाचण्या, रबरबँड आणि सेलोटेप काढावेत, कारण स्टेपल गंजतात आणि रबर वितळून कागदाला चिकटतं. जुनी सेलोटेप निघत नसेल तर ओढू नये, तशीच राहू द्यावी. मग प्रत्येक पान साध्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून फाइल सपाट, कपाटाच्या वरच्या खणात. भिंतीला टेकलेल्या खालच्या खणात वाळवी आणि ओल दोन्ही पोचतात. हे सगळं मे महिन्यात, हवा कोरडी असताना केलेलं चांगलं.

दिवाणखान्यातल्या फोटोचंही तसंच. व्हॉट्सॲपच्या डीपीवरून मोठा केलेला फोटो डोळ्यांजवळ फुटतो, आणि नेमके डोळेच पाहायचे असतात. बारा बाय अठरा इंचांच्या चांगल्या छपाईसाठी मूळ फोटो किमान २४०० बाय ३६०० पिक्सेलचा लागतो. तो ज्याने काढला त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा, म्हणजे व्हॉट्सॲप तो दाबून लहान करत नाही. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत फोटोवरचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो. चिकटलाच तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. समईची काजळी आणि समोरचं ऊन या दोन्हींपासून फ्रेम दूर असावी. आणि भिंतीवर लावलेली प्रत ही प्रतच असावी, मूळ फोटो आत.

कपड्यांबद्दल विचारायला लोक संकोचतात. दोरीवर राहून गेलेला, न धुतलेला एक शर्ट ठेवावासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर कसर लवकर लागते, म्हणून तो पूर्ण कोरडा करून हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावा. डांबराच्या गोळ्या टाकल्या तर राहील तो गोळ्यांचाच वास. पिशवी वारंवार उघडली की वास लवकर उडतो. कितीही जपला तरी तो कायमचा राहत नाही, हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं. बाकीचे कपडे देऊन टाकायची घाई करू नये. तेराव्यानंतर कुणी तरी मोठ्या माणसाने सगळं आवरून टाकलं आणि वर्षभराने बहिणीने त्याचं जॅकेट मागितलं, असं फार घरांतून घडतं. एक पेटी बंद करून, वर तारीख घालून, वर्षभर तशीच ठेवावी. मग सगळ्यांनी बसून उघडावी.

मित्रांकडे वळू, कारण या पत्राचा गाभा तिथे आहे. भेटायला आलेली कॉलेजची मुलं दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभी राहतात, मान खाली, काय बोलावं ते त्यांना कळत नाही. पाच मिनिटं बसतात आणि निघून जातात. त्यांच्याकडे जे आहे ते घरात कुणाकडेच नसतं. शंभर पानी एक वही बैठकीजवळ ठेवावी आणि प्रत्येकाला एक पान लिहायला सांगावं. 'तुझ्या भावना लिही' म्हटलं की 'मिस यू भावा' एवढंच येतं. नेमकं विचारावं. तुम्ही तिला काय म्हणून हाक मारायचात? कँटीनमध्ये ती काय मागवायची? कशावरून चिडायची? तुमची ओळख कुठे झाली, कोणत्या वर्षी? एकच प्रसंग लिहा, जागा आणि तिथे कोण कोण होतं ते लिहा. शेवटचं बोलणं काय झालं हे मात्र विचारू नये. मुलं तेच उगाळत राहतात आणि स्वतःला दोष देतात. खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर घ्यावा. घरी जिला 'चिमू' म्हणत ती वसतिगृहात 'मास्तर' होती, हे आईला या वहीतून कळतं. आईला मग मुलीची चार वर्षं नव्याने मिळतात.

या वहीचा दुसरा उपयोग छापायच्या मजकुराला होतो. संपादक महोदय, चौकटींतले शब्द तुम्ही रोज पाहता: हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांचा लाडका, क्रूर काळाने हिरावलेला. ते खोटे नसतात, पण ते कुणालाही लागू पडतात. 'सायकलची चेन उतरली की स्वतः बसवायची आणि तसेच काळे हात घेऊन वर्गात यायची' या एका वाक्यात जी मुलगी दिसते ती त्या चार शब्दांत दिसत नाही. जाहिरात ओळींच्या हिशेबाने महाग पडते हे खरं. म्हणूनच असलेल्या ओळीत एक तरी तपशील तिचा स्वतःचा असावा. आपल्या जाहिरात विभागातल्या मंडळींनी ठरलेला नमुना पुढे करण्याआधी 'तिच्याबद्दल एक गोष्ट सांगा' एवढं विचारलं तरी फरक पडेल.

दिवस कोणता पाळायचा? घरचं श्राद्ध तिथीने होतं, सार्वजनिक कार्यक्रम तारखेने ठेवावा, आणि हे पहिल्याच वर्षी जाहीर करावं. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की साधारण एकोणीस दिवस पुढे उडी घेते. शाळा, रक्तपेढी, मित्रमंडळी यांना ते गणित जमत नाही; दोन वर्षं चुकामूक झाली की तिसऱ्या वर्षी कुणी येत नाही. आम्ही तर म्हणू, सार्वजनिक दिवस मृत्यूचा नसावाच. वाढदिवस घ्यावा. मृत्यूच्या दिवशी घर कोसळलेलं असतं, त्या दिवशी आईवडिलांना सतरंज्या, माइक आणि पाहुण्यांच्या चहात अडकवू नये. वाढदिवस परीक्षेच्या किंवा उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत येत असेल तर जवळची सोयीची एक तारीख कायमची ठरवावी.

आता पैशाचा विषय. बहुतेक घरांचा पहिला विचार असतो शाळेत बक्षीस ठेवण्याचा. विचार चांगला आहे, पण अशा ठेवी ज्या रीतीने मरतात ती रीत ठरलेली आहे. १९९५च्या सुमारास एखाद्याने ५,००० रुपये ठेवले असतील तर १२ टक्क्यांनी वर्षाला ६०० रुपये व्याज येई आणि त्यात उत्तम शब्दकोश, कंपासपेटी आणि वर हारतुरा होई. २०२०-२१मध्ये मोठ्या बँकांचा दर सव्वापाच-साडेपाचवर आला तेव्हा त्याच ठेवीवर पावणेतीनशे रुपयांच्या आत-बाहेर आले. वस्तू महाग झाल्या, ठेव तिथेच राहिली. मग शाळा तीन-चार बक्षिसं एकत्र करते, पुढे फक्त प्रमाणपत्र देते, आणि एका वर्षी यादीतून नाव गळतं. कुणी मुद्दाम केलेलं नसतं.

यावर एकच उपाय: सगळं व्याज वाटायचं नाही. समजा १,००,००० रुपये ठेवले आणि दर साडेसहा टक्के मिळाला. वर्षाचं व्याज ६,५००. त्यातल्या साठ टक्क्यांचं, म्हणजे ३,९०० रुपयांचं बक्षीस द्यावं आणि उरलेले २,६०० मुद्दलात घालावेत. दर तोच राहिला तर दहा वर्षांनी मुद्दल सुमारे १,२९,००० होतं आणि बक्षीस पाच हजारांच्या वर जातं. महागाईला पूर्ण पुरे पडत नाही, पण बक्षीस लाजिरवाणं होत नाही. म्हणून देणगीपत्रात रक्कम लिहूच नये, 'व्याजाच्या साठ टक्के' असं लिहावं.

ठेव कुणाच्या नावावर, हा दुसरा प्रश्न. मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक नावावर कधीही नको, वर्गशिक्षकांच्या तर नकोच. खासगी शाळेच्या मागे नोंदणी झालेली शिक्षणसंस्था असते. ठेव त्या संस्थेच्या नावाने, संस्थेच्या पॅनवर, आणि पत्रात 'कायम निधी म्हणून' असा स्पष्ट उल्लेख करून द्यावी. नुसती देणगी दिली तर ती त्या वर्षीच्या खर्चात जाते. रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात वजावट मिळत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेमागे अशी संस्था नसते. तिथे शाळा व्यवस्थापन समितीचं खातं असतं, समिती बदलते, मुख्याध्यापकांची बदली होते आणि ठेवीची पावती कपाटात राहून जाते. अशा शाळेत ठेव ठेवण्यापेक्षा दर जूनमध्ये ठरलेली वस्तू प्रत्यक्ष नेऊन देण्याची पद्धत जास्त टिकते.

पतसंस्था दीड-दोन टक्के व्याज जास्त देते म्हणून तिकडे जाऊ नये. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पावतीवर 'आपोआप नूतनीकरण' अशी सूचना आहे का हे स्वतः पाहावं. नसेल तर मुदत संपल्यावर ठेव बचत खात्याच्या दराने किंवा त्याहून कमी दराने पडून राहते. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत वर्ग होते. ती परत मागता येते, बँकेमार्फत अर्ज करून. २०२३पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर अशा ठेवी शोधताही येतात. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ठेवी ठेवल्या आहेत त्यांनी या महिन्यात शाळेत जाऊन पावतीची झेरॉक्स मागावी. संकोच वाटायचं कारण नाही.

बक्षीस कुणाला? 'दहावीत पहिल्या येणाऱ्यास' असं लिहिलं की ज्याला आधीच सहा बक्षिसं आहेत त्यालाच सातवं मिळतं आणि मंचावरून नाव घाईत वाचलं जातं, तेही अनेकदा चुकीचं. जे मूल गेलं त्याच्या आवडीशी निकष जोडावा. तो कबड्डी खेळत असेल तर पहिल्यांदा जिल्हा पातळीवर जाणाऱ्या खेळाडूचे बूट. तिला वाचनाचा नाद असेल तर ग्रंथालयाच्या नोंदवहीत ज्याची सर्वांत जास्त पुस्तकं लागली आहेत त्याला हवी ती पुस्तकं, त्याने दुकानात जाऊन निवडलेली. निकषाशेवटी 'विषय, इयत्ता किंवा परीक्षा बंद झाल्यास तत्सम' हे शब्द घालायला विसरू नये. तुकडी बंद होते, विषय बदलतो, मराठी शाळेचं विलीनीकरण होतं, आणि निकष जुळत नाही म्हणून निधी नुसता साठत राहतो. बक्षिसासोबत हाताएवढं एक कार्ड द्यावं: एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला वहीतून निवडलेली पाच वाक्यं. बक्षीस घेणाऱ्या मुलाला कळू दे की हे नाव कुणाचं.

स्वतंत्र ट्रस्ट काढावा का, असं अनेकजण विचारतात. मोठी रक्कम आणि वेळ देणारी चार माणसं नसतील तर काढू नये. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, दर वर्षी लेखापरीक्षण, आयकर विवरणपत्र, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, हे सगळं आईवडिलांच्या मागे कोण करणार? चालत्या कामाला नाव जोडावं. मुंबईत फोर्टमधलं जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट पाहा. वाचनालय १८५६ पासूनचं. दिनबाई पेटिट यांनी मुलाच्या स्मरणार्थ त्याला मोठी देणगी दिली, १८९८ साली दगडी इमारत उभी राहिली आणि मुलाचं नाव वाचनालयाचं नाव झालं. वाचक आधीपासून होते, म्हणून नावही चालत राहिलं. आपल्या ऐपतीत हेच करता येतं: गावच्या वाचनालयात एका कपाटाची पुस्तकं, पण एकदाच नव्हे, दर वर्षी ठरावीक रकमेची, आणि निवड ग्रंथपालांवर सोपवून. घरातली जुनी पाठ्यपुस्तकं आणि गाइडं नेऊन देणं ही देणगी नव्हे, ती ग्रंथपालांना ओझं होतं.

रक्तदान शिबिराबद्दल एवढंच. आकड्याच्या मागे लागू नये. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघ्या पाच दिवस. एकाच दिवशी दोनशे पिशव्या गोळा केल्या आणि रक्तपेढीकडे मागणी नसली तर काही वाया जातात. एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद असतात, दाते गावी जातात, तेव्हा तीस-चाळीस पिशव्यांचं शिबिर खरं उपयोगी. रक्तपेढीलाच विचारावं, तुम्हाला कधी हवंय. दाता १८ ते ६५ वयाचा, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषाने तीन महिन्यांनी, स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा द्यावं. भेटवस्तू ठेवू नयेत. वस्तूसाठी येणारा आपला आजार लपवतो.

झाड लावायचं असेल तर पाच जूनचा फोटो महत्त्वाचा नाही, पुढचे तीन उन्हाळे महत्त्वाचे. दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा मेमध्येच खणून तापू द्यावा, एक-दोन पाऊस झाल्यावर पाच-सहा फुटी रोप लावावं, आणि फेब्रुवारी ते मे दर आठवड्याला पंधरा-वीस लिटर पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवावं. ताम्हण, बहावा, बकुळ, करंज यांतलं काहीही. लोखंडी जाळी तिसऱ्या-चौथ्या वर्षी काढली नाही तर ती खोडात रुतते. नावाची पाटी खोडाला ठोकू नये, बाजूला दगडावर लावावी.

भावंडांना या सगळ्यात विचारलं जात नाही. बारा वर्षांच्या भावाला दादाच्या बक्षीस समारंभात फुलं द्यायला उभं करतात आणि त्याला ते नको असतं. त्याला नाही म्हणू द्यावं. दादाची एक वस्तू मात्र त्याने स्वतः निवडलेली, त्याच्याकडे असावी, आणि ती पुढे कुणी 'स्मृती म्हणून' कपाटात परत मागू नये.

आणि शेवटचा कागद. एक पान, त्याच्या चार प्रती: हार्डडिस्क कुणाकडे, ऑनलाइन खात्याचा मेल कोणता, ठेव कुठल्या शाखेत, पावती क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, देणगीपत्राची झेरॉक्स कुठे, मोबाइल नंबर आता कुणाच्या नावावर. एक प्रत घरी, एक शाळेत, एक भावंडाकडे, आणि एक त्या वहीत लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींपैकी एकाकडे. शाळेला दिलेल्या पत्रात संपर्कासाठी दोन नावं घालायची, एक वडिलांचं किंवा आईचं, दुसरं त्या मित्राचं किंवा मैत्रिणीचं. ती व्यक्ती आज तेवीस वर्षांची आहे. वडील जाऊ शकले नाहीत त्या वर्षी बक्षीस द्यायला शाळा तिला बोलावेल.

आपले,
शालेय कार्यालय, ग्रंथालय आणि संस्थेचे हिशेब सांभाळलेले तीन निवृत्त कर्मचारी
सातारा जिल्हा